राळेचा वास

सोल्डरिंग आयर्न राळेच्या डबीत टेकवलं की पांढरा धूर उठायचा आणि काका हातातलं काम तसंच सोडून नाक वर करायचे. डोळे मिटलेले. "थांबा भाऊ. आला बघा." मग डोळे उघडून पुन्हा कामाला. दिवसातून दहा वेळा तरी हे चालायचं.

केडगावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांच्यात आम्ही नवी तार भरतो. काका माझ्याकडे बावीस वर्षं कामाला होते. त्याआधी मालवाहू बोटीवर वायरमन. नगरकडच्या माणसाला समुद्राचं अप्रूप फार, म्हणून येणारा प्रत्येक जण त्यांना बंदरांविषयी विचारायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा जग फिरून आलेला असेल, जो विचारलेलं सोडून भलतंच सांगतो. आम्ही बंदरं विचारायचो, काका वास सांगायचे.

वास एकाच वाइनचा. त्यांची बोट ग्रीसमध्ये दुरुस्तीला लागली होती. तिथे निरोप आला की आई गेली, आणि माती होऊनसुद्धा चार दिवस झाले. काका इंजिनाशेजारी नुसते बसून राहिले. गोदीतला एक म्हातारा वेल्डर जवळ येऊन बसला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. त्याने डब्यातून पाव काढला, दोन पेल्यांत वाइन ओतली, आधी थोडी जमिनीवर सांडली आणि आभाळाकडे बोट केलं.

"रेत्सिना म्हनत्यात तिला," काका सांगायचे. "झाडाची राळ घालत्यात तिच्यात. पहिला घोट घशाखाली उतरंना. दुसऱ्याला रडू आलं. आईचं जे काय मी केलं भाऊ, ते त्या पेल्यात."

आता अडचण अशी, की काका पंचशील पाळणारे. दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणार. आयुष्यात दारूला शिवले ते तेवढंच. काकू डबा घेऊन दुकानात आल्या की मुद्दाम माझ्यासमोर विषय काढायच्या. "चार शिलं खणखणीत म्हनत्यात. दारूचं पाचवं आलं की यांना खोकला येतो."

एकदा मी विचारलंच. काका म्हणाले, "मोडलं ते मोडलं. पन त्याचा पस्तावा होत न्हाई, मग मोठ्यानं कसं म्हनू?" इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुन्हा प्यायची नव्हतीच त्यांना. मरायच्या आत एकदा हुंगायची होती. "हुंगनं कुठल्या शिलात येत न्हाई," हे त्यांनी विहारातल्या जाणत्या मंडळींना विचारून पक्कं केलं होतं. मध्यंतरी द्राक्षाच्या रसात दुकानातली राळ घालून उकळायचा उद्योगही त्यांनी केला. वास काही जमला नाही आणि काकूंचं दुधाचं पातेलं कायमचं बाद झालं. काकू आठवडाभर डबा घेऊन आल्या नाहीत.

गेल्या वर्षी माझी पुतणी ग्रीसला फिरायला गेली. मी तिच्या मागे लागून एक बाटली आणवली. दुपारी जेवणाच्या वेळी काकांच्या पुढ्यात ठेवली. काकूही होत्या. काकांनी पकडीने बूच उघडलं, बाटलीवर नाक नेलं, डोळे मिटले. आम्ही दोघे 'आला बघा' ऐकायला थांबलो.

काकांनी दुसऱ्यांदा हुंगलं. तिसऱ्यांदा हुंगलं. मग बाटली खाली ठेवली.

"भाऊ, करोनात नाक गेलं ते गेलंच. बोललो न्हाई कुनाला."

"मग रोज धुराला नाक वर करता ते?"

"वाटायचं, आज यील."

त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. "तुमी सांगा. कसा येतोय?"

नुसत्या वासावरून मोटार किती जळली ते मी सांगतो, पण त्या दिवशी 'चांगला येतोय' याच्यापुढे माझी गाडी जाईना. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

काकूंनी माझ्या हातातून बाटली घेतली आणि हुंगली. "आवो, हा तर तुमच्या शर्टाचा वास. बावीस वर्सं धुतीया मी."

काका त्यांच्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "आन चव?"

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर. डब्याच्या झाकणात घोटभर ओतली आणि पिऊन टाकली. तोंड वाकडं झालं, तरी त्या नीट सांगायला लागल्या. "आंबट हाय. मागनं कडू. मग लई गार वाटतं, झाडाखाली बसल्यावानी."

"व्हय," काका म्हणाले. "व्हय, तीच." त्यांनी थोडी वाइन उंबऱ्याबाहेर मातीवर ओतली, बूच दाबून बसवलं आणि डोळे पुसत कामाला लागले.

या उन्हाळ्यात काका गेले. विहारात पुण्यानुमोदनाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. काकू पांढऱ्या साडीत सगळ्यांच्या पुढे. भंतेजी एकेक शील सांगत होते, लोक मागून म्हणत होते. रडून बसलेल्या आवाजातही काकूंनी चार शिलं स्पष्ट म्हटली.

पाचव्याला त्यांना खोकला आला.