नागण्णांनी ऐकलेलं 'येतो'

१९५८ साली मी एसएसएलसी, म्हणजे मॅट्रिक, झालो तेव्हा माझी उंची सहा फूट दोन इंच होती आणि अक्कल बेताची होती. घरी मी रत्नाकर, पण अख्ख्या चामराजपेटेत मला 'उद्दण्णा' म्हणत. उद्द म्हणजे कानडीत लांब. शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळताना एका सामन्यात मी एकट्यानं बत्तीस गुण केले, आणि हा लांब्या आता कुठल्या कॉलेजात जाणार या काळजीनं लोकांची झोप उडाली. त्या लोकांत कॉलेजवाले कमी आणि रिकामटेकडे जास्त होते.

या रिकामटेकड्यांचे पुढारी म्हणजे नागनाथ शिंपी, आमचे नागण्णा. त्यांना रिकामटेकडं म्हणणं तसं अन्यायाचं, कारण त्यांचं मशीन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू असे. रिकामी असायची ती जीभ. त्यांचे आजोबा अथणीकडून आलेले. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कानडी, आणि संताप आला की दोन्ही एकदम. स्वतः चौथीत शाळा सोडलेली. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजचा उंबरा ओलांडला नव्हता, पण पेटेतल्या कॉलेजला ते 'आमचं कॉलेज' म्हणत, आणि ते अशा ठसक्यात की नवख्या माणसाला हे तिथले प्राध्यापकच वाटावेत.

हे वेड लागलं तेही गमतीनं. कधीतरी १९४०च्या सुमारास कॉलेजच्या संघानं त्यांच्याकडे बनियन शिवायला टाकले होते. ते द्यायला नागण्णा मैदानावर गेले, तर खेळ चालू होता. 'स्वल्प थांबा' म्हणून कुणीतरी त्यांना बाकावर बसवलं. ते जे बसले ते अंधार पडल्यावर उठले. दुकान तोवर सताड उघडं. त्यांच्या बायकोनं, अंबुबाईंनी, त्या दिवशी जे सुनावलं ते शेजाऱ्यांना पुढे कित्येक वर्षं तोंडपाठ होतं. पण नागण्णांचा एकही सामना त्यानंतर चुकला नाही.

आणि त्या सामन्यांत व्हायचं काय, तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मल्लेश्वरमचे कॉलेजवाले आम्हाला हरवायचे. सलग सात वर्षं. नागण्णांनी ते मनाला फार लावून घेतलं होतं. घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे असेल, पण त्या पोरांचं हरणं ते स्वतःच्या अंगावर घ्यायचे. 'आयुष्यात एकदा मल्लेश्वरमला हरवलेलं बघायचंय, मग मशीन बंद केलं तरी चालंल,' असं ते म्हणत. त्यासाठी त्यांना मी हवा होतो.

दुकानाच्या फळीवर रोज संध्याकाळी बैठक भरायची. सायकली भाड्यानं देणारा यल्लाप्पा आणि पोस्टातला कारकून चंद्रकांत हे कायमचे सभासद. मी समोरून जात असलो तरी माझ्याबद्दल बोलणं थांबत नसे, उलट आवाज वाढायचा.

"मल्लेश्वरमवाले त्याला रोज दोन अंडी देणार म्हणं," यल्लाप्पा बातमी सोडायचा.

"त्येच्या घरात कांदा शिजत न्हाई, आनि अंडी खाईल व्हय?" नागण्णा कापड कापता कापता म्हणायचे.

"घरात नाही खात म्हणून बाहेर नाही खाणार, असं कुठं आहे?" हा चंद्रकांत. पोस्टातला असल्यामुळे त्याला माणसं बंद पाकिटासारखी वाटायची. "शिवाय वडील टेलिफोन कारखान्यात. त्यांना पोरगा इंजिनियर करायचाय. गणित मल्लेश्वरमचं चांगलं."

"गणित! बत्तीस गुन केले त्ये काय गणितानं?" नागण्णांची कात्री थांबायची. "आनि दोन बसा बदलून पोरगं जाईल, दमून खेळंल काय? हितं घराकडनं चालत पाच मिंटं. आपलंच पोरगं हाय, कुठं जातंय?"

'आपलंच पोरगं' हे ऐकलं की मला बरंही वाटायचं आणि पळून जावंसंही वाटायचं.

मे महिन्यात मी विजारीची दुमड सोडवून घ्यायला त्यांच्याकडे गेलो. मी एवढ्या झपाट्यानं वाढत होतो की दर सहा महिन्यांनी हे करावंच लागे. खरी गोष्ट अशी की त्याच सकाळी वडिलांबरोबर जाऊन मी मल्लेश्वरमच्या कॉलेजात अर्ज भरून आलो होतो. लोकांना मी पुढे वडिलांच्या इच्छेचं निमित्त सांगितलं, पण खरं कारण गणित नव्हतं आणि वडीलही नव्हते. तिथलं कोर्ट सिमेंटचं होतं. आमच्याकडच्या मातीच्या कोर्टावर चेंडू खड्ड्यात पडला की मेल्यासारखा बसायचा. तिथे तो हातात परत यायचा. सोळाव्या वर्षी मला तेवढं पुरलं.

नागण्णा गुडघ्यावर बसून माझ्या घोट्याजवळ खडूनं रेघ मारत होते. रेघ मारून त्यांनी मान वर केली. "सरी, झालं. मग उद्दण्णा, आमच्या कॉलेजला येनार न्हवं?"

मी घाईनं पडद्याआड गेलो. विजार बदलली, चपला शोधल्या, दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "येतो, अण्णा."

निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. कानडी माणूसही म्हणत नाही, तोही 'बर्तीनि', म्हणजे येतो, म्हणूनच उंबऱ्याबाहेर पडतो. नागण्णा स्वतः दिवसातून दहादा असं 'येतो' म्हणत. पण ज्याची वाट बघावी तेच कानाला ऐकू येतं. मी कोपऱ्यावर वळलो नसेन तोच फळीवर आरोळी झाली: "येतो म्हनाला!" यल्लाप्पा सांगतो की त्यांनी आतून साखरेचा डबा आणून रस्त्यानं जाणाऱ्यांच्याही हातावर चिमूट चिमूट ठेवली. त्याच रात्री जेवायच्या आधी त्यांनी माझ्या मापाचा बनियन बेतला.

तो नुसता निरोप होता, असं मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. त्यांनी तसं ऐकावं आणि माझी सुटका व्हावी, असं मनाच्या तळाशी असेलही.

जूनमध्ये चंद्रकांतनं बातमी आणली. प्रवेशाच्या यादीत माझं नाव होतं, फक्त कॉलेज दुसरं होतं. मग काय विचारता! "अण्णा, त्यो येतो म्हनून गेला की!" अशी फळीवर थट्टा सुरू झाली. पेटेत कुणी शब्द देऊन तो पाळला नाही की 'हे नागण्णांचं येतो' असं लोक म्हणू लागले. नागण्णांनी बनियन खालून हातभर कापला आणि दुसऱ्या पोराला दिला. मी दुकानाचा रस्ता सोडला आणि मागच्या गल्लीतून जाऊ लागलो. सहा महिने त्यांचं तोंड पाहिलं नाही. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

त्याच हिवाळ्यात आंतरकॉलेज सामन्यांची अंतिम फेरी आमच्याच पेटेच्या मैदानावर लागली. समोर पेटेचं कॉलेज. माझ्या अंगात मल्लेश्वरमचा बनियन. मैदानात पाऊल टाकलं तेव्हा ज्यांनी मला लहानाचा मोठा होताना पाहिलं त्यांनीच हुर्यो उडवली. नागण्णा चुन्याच्या रेघेला लागून बसले होते. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही.

पहिल्या डावाच्या शेवटी कुणाचा तरी हात माझ्या बनियनच्या पाठीत अडकला आणि नंबराचं कापड तीन बाजूंनी उसवून शेपटासारखं लोंबायला लागलं. पंच म्हणाले, नंबर नाही तर खेळाडू नाही. टाचणी चालणार नाही. जादा बनियन होते ते माझ्या बरगड्यांपर्यंतच पोचत. आमचा एक गडी सुईदोऱ्यासाठी धावला, पण मध्यंतर संपत आलं तरी त्याचा पत्ता नव्हता. पेटेवाल्यांत आनंदाची लाट उसळली. सामना बरोबरीत होता आणि मी बाहेर बसणार होतो. सात वर्षांनी देवानं ताट वाढून समोर ठेवलं होतं.

तेवढ्यात नागण्णा उठले आणि रेघ ओलांडून आमच्या बाकाकडे आले. चालता चालता त्यांनी सदऱ्याच्या कॉलरमागून दोरा ओवलेली सुई काढली.

"सुम्निरी अण्णा! गप बसा की!" यल्लाप्पा मागून कळवळून ओरडला. "आज आपन जितनार हाय!"

नागण्णा वळले. "ह्यो बाकावर बसलेला आनि आमी जितलो, तर त्ये सांगू कुनाला? तुला?"

मग माझ्यामागे येऊन उभे राहिले. "वाक. लई उद्द झालायस."

मी वाकलो. "अण्णा, मी त्या दिवशी..."

"गप." त्यांनी हातभर दोरा तोडून माझ्या तोंडात कोंबला. "अंगावरचं शिवताना दोरा तोंडात धरायचा. बोलायचं न्हाई." आमच्याकडे ही रीत सगळ्या घरांत आहे. अंगावर कापड शिवणं अशुभ, म्हणून दोरा चावत गप्प बसायचं. मी दोरा चावला. सुई भराभर चालत होती. एकदाही टोचली नाही. शेवटी त्यांनी दातानं दोरा तोडला, तेव्हा त्यांचा श्वास पाठीला लागला. "हं, पळ," म्हणाले.

मी खेळलो. आयुष्यात तसा पुन्हा खेळलो नाही. आम्ही दोन गुणांनी जिंकलो, आणि ते शेवटचे दोन माझे होते. पेटेची आठवी हार. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, पण मी धडपडून खाली उतरलो आणि गर्दीतून नागण्णांपाशी गेलो. बैठकीतले सगळे त्यांच्यापासून चार हात लांब उभे होते. यल्लाप्पानं तर पाठच फिरवली होती. नागण्णांचे डोळे लाल दिसत होते.

मी तोंड उघडायला गेलो आणि कळलं की दोरा अजून गालातच आहे. अर्धा सामना मी तो चावत खेळलो होतो.

"थुंक की आता," नागण्णा म्हणाले. "आता बोल काय बोलायचं त्ये."

मी दोरा थुंकला. सगळ्या चामराजपेटेदेखत मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडलो. त्यांनी माझ्या पाठीवरून हळूहळू हात फिरवला. मला वाटलं, मायेनं फिरवतायत. ते टाके तपासत होते.

"टिकलं," ते म्हणाले.