ताटभर बिस्किटं

लेकीने जर्मनीहून फोटो पाठवला. नाताळच्या सुट्टीत तिने खोलीवर बिस्किटं भाजली होती. चांदण्या, झाडं, छोट्या घंटा, आणि त्यांवर पांढऱ्या-हिरव्या आयसिंगची नक्षी. ताट गच्च भरलं होतं. शेजारी कप मात्र एकच.

मी लगेच फोन केला. "मनवा, एवढी कुणासाठी गं?"

"कुणासाठी नाही. सोपी असतात, म्हणून केली. इथले सगळे आपापल्या घरी गेलेत."

"मग शेजारी दे."

"आई, इथे असं कुणी कुणाच्या दारात जात नाही."

"दिवाळीत फराळाचं ताट आपण ओळख बघून देतो का? जा, बेल वाजव."

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

मग मला काही सुचेना. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, त्याच पुन्हा मोडल्या. गोडाधोडाचं असंच असतं. करताना हात गुंतलेले असतात. करून झालं की घर एकदम मोठं वाटायला लागतं. आणि मी तिला हे काय सांगून बसले? कुणी दार उघडलंच नाही, तर पोर ताट घेऊन परक्या जिन्यात उभी राहायची.

तासाभराने मेसेज आला. "खालच्या आजींनी आत बोलावलंय. नंतर बोलते."

एरवी तिच्या या 'नंतर बोलते'चा मला राग येतो. त्या संध्याकाळी मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि उलट फोन केला नाही.