जुलेखाच्या वॉर्डाचं छप्पर

“कन्डेम लिहा आणि सुटा,” साहेब म्हणाले. कन्डेम म्हणजे इमारत राहण्यालायक नाही, पाडून टाका. माझा तो शेरा पडला की काशीदजवळचं जुनं वेड्यांचं इस्पितळ जमीनदोस्त होणार आणि आतले रुग्ण लांब ठाण्याला जाणार. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो.

ओळंबा लावून पाहिला. भिंती सरळ, चुन्याचं काम ठणठणीत. बायकांच्या वॉर्डाच्या कैच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या लाकडी चौकटी, तेवढ्या वाळवीने खाल्लेल्या. पण दुरुस्तीला मंजुरी नव्हती.

तिथेच हसनभाई भेटले. मचव्यांचे, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्यांचे मालक. त्यांची धाकटी बहीण जुलेखा बाळंतपणात बिथरली, नवऱ्याने टाकली, तेव्हापासून या वॉर्डात होती. “ठाण्याला नेलीत तर मी तिला कवा बघू?” म्हणाले आणि रडायलाच लागले. लाकूड माझं, सुतार माझे, तुम्ही फक्त शेरा थांबवा, अशी त्यांची विनवणी.

खात्याला खर्च नाही म्हटल्यावर साहेबांनी कुरकुरत होकार दिला. मग आसपासच्या गावांतून माणसं येऊ लागली. कुणी कौलं आणली, कुणी चुना मळला. प्रत्येकाचं कुणीतरी आत होतं, कुणाची आई, कुणाचा भाऊ. मला अगदी भरून आलं. मचवे बांधणाऱ्या सुतारांनी सागवानी कैच्या अशा बसवल्या की तपासायला आलेल्या साहेबांनाही खोट काढता आली नाही. कन्डेमचा विषय संपला.

निघताना मी डॉक्टरांना सहज म्हटलं, जुलेखाबाई तर चांगल्या दिसतात. ते म्हणाले, कधीच्याच बऱ्या झाल्यात. घरी घेऊन जा म्हणून भावाला कितीदा सांगितलं.

मी तडक हसनभाईंना गाठलं. ते कौलांकडे बघत राहिले. “घरात दोन पोरी लग्नाच्या हायेत, सायेब.” मला संताप आला. तसाच मी वॉर्डात गेलो.

जुलेखा खाटेवर बसून वर बघत होती. छप्पर आवडलं का, मी उगाच विचारलं.

“ह्ये पडलं असतं तर ठाण्याला धाडण्यापरीस भाईनं घरी न्हेलं असतं,” ती म्हणाली. “आता न्हाय न्हेणार.”

पुढे काही वर्षांनी ती तिथेच वारली. इमारत अजून भक्कम आहे. जुनी वास्तू वाचवायला माणसं हिरिरीने धावली की मी आता आधी विचारतो, आत कोण आहे.