बेहालाच्या कंडक्टरकाकू

कंडक्टरकाकूंसमोर ‘डमडम’ म्हणायची सोय नव्हती. “दोमदोम म्हण,” त्या लगेच टोकत. “डमडम फक्त पाटीवर असतं. माणसं दोमदोमला उतरतात.”

काकू बेहालात एकट्या राहत. यजमान बँकेत होते. ते गेल्यावरही काकूंनी कोलकाता सोडलं नाही. खाजगी बसच्या दारात लटकलेला कंडक्टर जे नाव जसं ओरडतो, तसंच ते काकूंच्या तोंडी असे. म्हणून आम्हा बदलीवर आलेल्या मराठी मंडळींनी त्यांना हे नाव ठेवलं होतं.

मी सॉल्ट लेकला नवीन होते तेव्हा कुठेही जायचं म्हणजे मोबाइलवर गाडी बोलवायचे. फोनमधली बाई रस्ता सांगू लागली की काकू म्हणत, “ही कधी इथल्या बसमध्ये चढली आहे का?” एक दिवस त्यांनी मला बसमध्ये बसवलं आणि खिडकीबाहेर बघायला बंदी केली. कंडक्टर ओरडेल ते मी म्हणायचं. शेआलदा. बालीगोंज. मी सियालदह म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. चार फेऱ्यांनंतर माझ्या बोलण्यावर कुणी वळून बघेनासं झालं. गाड्या बोलवणं मी बंद केलं.

हा हट्ट कशासाठी, ते मला उशिरा कळलं. काकूंना समोरचं दिसेनासं होत चाललं होतं. पाटी नाही, बसचा नंबर नाही. यात सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर पुण्याहून मुलगा आला, परतीची दोन तिकिटं काढूनच.

“आई, एकटं राहणं आता पुरे.”

“मंदार, उद्या मी हिच्या घरी जाऊन दाखवते,” काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. “तू मागून ये. तोंड उघडायचं नाही. पोचले तर इथेच राहीन. नाही पोचले तर बॅग भरते.”

बेहालाहून धर्मतला, तिथे बस बदलून सॉल्ट लेकमधला आमचा स्टॉप, करुणामयी. दुपारी साडेबाराला दोघं दारात उभी. मंदार घामाघूम आणि संतापलेला.

“एक स्टॉप आधी उतरली ही!”

“उतरले. कळलं. मग एका मुलीला वाट विचारली, ‘कोरुनामोयी कोन दिके?’ रस्ता ओलांडताना तिचाच हात धरला.”

“पुण्यात काय विचारता येत नाही?”

“पुण्यात तू मला विचारू देशील?”

मंदार पाणी प्यायला, त्यानं आणखी मागितलं. मग गॅलरीत जाऊन त्यानं एक तिकीट रद्द केलं.

निघताना त्यानं मला बाजूला घेतलं. “आठवड्यातून एकदा बघून याल?” मी हो म्हटलं. पुढच्या मंगळवारी गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या बौदी काकूंना माशीमा म्हणत. त्या म्हणाल्या, माशीमा सकाळीच बाहेर पडल्या, कुठे ते सांगितलं नाही.

मी तिथूनच मंदारला फोन लावला.

“काकू अगदी ठीक आहेत,” म्हटलं. “घरी नाहीत.”