ठाण्याचं यंत्र, डोंबिवलीचं यंत्र

मंडळी, डोंबिवलीहून आत्ताच परतलो.

चष्मा जावा म्हणून माझी धाकटी बहीण सुमन लेझर करून घेणार होती. त्याआधी बुबुळाची मोजणी. ठाण्यात यंत्राने डोळ्याला न शिवता बुबुळावर उमटलेल्या वर्तुळांचा फोटो काढला. सगळं ठीक निघालं. आईने बिल्डिंगभर पेढे वाटले.

आज डोंबिवलीत लेझरआधीच्या फेरतपासणीत दुसऱ्या यंत्राने बुबुळावरून उजेडाची बारीक रेघ फिरवली. डॉक्टर म्हणाले, "वर्तुळांत फक्त पुढची बाजू कळते. बुबुळ मागून फुगतंय, पातळ होतंय. लेझर करता येणार नाही. नजर आणखी बिघडत जाईल."

"मग ठाण्याचंच धरू या ना, डॉक्टर?" आई म्हणाली.

"आई, हे काय स्थळ आहे, पसंत पडेल ते धरायला?" सुमन म्हणाली.

घरी येताना जिन्यात शेजारच्या काकूंनी सुमनला विचारलं, "काय गं, लेझर कधी?"

पेढे खाल्लेल्या घरांत आता काय सांगायचं?