चौकटीतलं गवत

केवलराम मूळचे गोंदियाकडचे. घरची बांधी, म्हणजे धानाचं शेत, भावांच्या वाटणीत गेली आणि ते भिलाईला आले. वीस वर्षं तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबले. दम लागायला लागला तेव्हा आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागले. १९९२ साली त्यांना कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आला. माझी शिफारस तेवढी बाकी होती.

त्या वर्षी मी दिल्लीच्या एका संस्थेसाठी जवळच्या उतई गावातल्या एका बांधीत चिखलातून सुटणारा मिथेन मोजत होते. हवा तापवणाऱ्या वायूंपैकी हा एक. धानात चौकटी रोवलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्यांवर पारदर्शक पेटी ठेवायची आणि सिरिंजने आतली हवा ओढून घ्यायची. चौकटीतल्या चिखलाला कुणी हात लावायचा नाही, हा एकच नियम. मी भिलाईच्या सेक्टर सहाहून स्कूटरने जाई. केवलराम माझ्या आधी तिथे हजर.

सप्टेंबरात तिसऱ्या चौकटीचा आकडा एकाएकी दुपटीवर गेला. मी हरखून गेले. प्राचार्यांना सांगितलं, दिल्लीला पाठवायचा आलेखही काढला. चौथ्या दिवशी केवलराम टेबलाशी येऊन उभे राहिले.

“म्याडम, त्या चौकटीत गवत खूप माजलं होतं. म्या उपटलं अन् पायानं चिखलात दाबलं. आमच्याकडे तसंच करतेत, खत होते त्याचं.”

“नियम सांगितला होता ना तुम्हाला?”

“होता. पण धान गुदमरून राहिलं होतं. पाहवलं नाही.”

गाडलेलं गवत चिखलात कुजतं आणि हा वायू आणखी सुटतो. ते गप्प बसले असते तर मला जन्मात कळलं नसतं. त्यांचा कागद माझ्याकडे आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते बोलले. आणि मी? माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळं कॉलेज जाणतं. चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोलले आणि त्या कागदावर ‘विश्वासू नाही’ असं लिहून सही ठोकली. महिन्याभरात त्यांचं काम गेलं. तिसऱ्या चौकटीचे आकडे मी खोडले, गवत गाडलं गेल्याचं कारण लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला.

पुढच्या वर्षी दिल्लीहून पत्र आलं. गाडलेल्या गवताने वायू किती वाढतो, नेमकं तेच त्यांना आता मोजून हवं होतं. मला माझीच लाज वाटली. मी केवलरामांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, मैनाबाईंनी, पाणी दिलं. या वेळी गवत मुद्दाम गाडून मोजायचंय, याल का, असं मी विचारलं. केवलराम एवढंच म्हणाले, “येतो.”

ठरल्या दिवशी मी उतईला पोचले तेव्हा ते आधीच आले होते. चपला हातात घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे होते. समोर चौकटीत गवत माजलेलं होतं.

“उतरू का, म्याडम?” त्यांनी विचारलं.

चिखलात वाढलेला माणूस धानात पाय टाकायला परवानगी मागत होता. ती सवय त्यांना मी लावली होती.