स्विमिंग पूलमधली मैफल आणि भिंतीवरच्या रजया

"स्वागत है आपका!" शेखावतजी कोरड्या स्विमिंग पूलच्या तळाशी उभं राहून ओरडले. स्वागत चारही भिंतींवर आपटून आलं आणि त्यातला एकही शब्द कळेना.

"मॅडम, ये तो दस आदमी बोल रहे हैं," ते हिरमुसून म्हणाले.

मी अकूस्टिक कन्सल्टंट. म्हणजे एखाद्या जागेत आवाज कसा वागेल ते बघणारी बाई. जयपूरबाहेर कानोता धरणाच्या बांधाजवळचा हा रिसॉर्ट एकेकाळी सहलींनी गजबजलेला असायचा. मग लोक यायचे थांबले, पाठोपाठ आसपासचे ढाबेही उठले. मालक शेखावतजींनी पूल कोरडा करून त्याचं थिएटर केलं. खोल बाजूला स्टेज, उतारावर पायऱ्या. शनिवारी एका लोकगायिकेचा पहिला कार्यक्रम होता. जागेत अर्धा वाटा त्यांच्या मोठ्या भावाचा, म्हणजे भाईसांचा. कार्यक्रम पडला तर प्लॉट पाडून विकायचे, असं भाईसांनी बजावलेलं.

आवाज थांबला तरी मागे त्याची शेपटी उरते. तिला आम्ही रिव्हर्ब म्हणतो. थोडी असली तर गाणं गोड लागतं, जास्त झाली तर शब्दांचा नुसता काला होतो. पूलच्या टाइल्सनी ही शेपटी भलतीच लांबवली होती. त्यावर उपाय म्हणजे भिंतींना मऊ पॅनेल्स लावणं. ती दिल्लीहून यायची होती आणि आली नव्हती. शहरातल्या आमच्या सोडाल्याच्या ऑफिसात सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन लावला.

"सर, पॅनेल्स शनिवारपर्यंत येत नाहीत."

"अगं, रजयांच्या जयपुरात बसून रडतेस काय? रजया टांग!"

रिसॉर्टच्या बंद खोल्यांत कपाटं भरून रजया होत्या. डांबरगोळ्यांचा वास सोडला तर काम फक्कड झालं. शेखावतजींचं स्वागत आता शब्द न् शब्द कळत होतं. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

शनिवारी संध्याकाळी पूल भरला. जानेवारीचा महिना, त्यात बांधावरून बोचरा वारा. दुसऱ्या गाण्याला पहिल्या रांगेतले भाईसा उठले. संपलं सगळं, मला वाटलं. पण ते सरळ भिंतीकडे गेले, एक रजई ओढली, अंगाभोवती गुंडाळली आणि जागेवर येऊन बसले.

"भाईसा, वो साउंड के लिए है!" शेखावतजी कळवळून कुजबुजले.

"तो साउंड से कहो, स्वेटर पहने."

भाईसांनी केलं म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात! बघता बघता भिंती उघड्या पडल्या. मी डोळे मिटून घेतले आणि शब्दांचा काला व्हायची वाट बघत बसले.

काहीच झालं नाही. गाणं स्वच्छ येत होतं. मग डोक्यात प्रकाश पडला. कापूस पूलमधून बाहेर गेलाच नव्हता, भिंतीवरून फक्त माणसांवर आला होता. आवाज शोषायचं काम तो तिथूनही करत होता.

शेवटचं गाणं संपलं आणि टाळीच वाजली नाही. गायिका गोंधळली. शेखावतजींचा चेहरा पांढरा पडला. कोणाचेही हात रजईबाहेर निघत नव्हते. तेवढ्यात भाईसांनी फक्त डोकं बाहेर काढलं.

"बाईसा, एक और. और छोटे, अगले शनिवार किसे बुलाया है?"

प्लॉटचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. बांधावर आता दोन ढाबे परत सुरू झालेत. पॅनेल्सची ऑर्डर रद्द केली तेव्हा सर म्हणाले, "असं करशील तर आपण विकायचं काय?"

हल्ली नवीन काम आलं की भिंती मोजायच्या आधी मी विचारते, इथे थंडी किती पडते?